डावा झाला, उजवा राहिला

साय नावाच्या घोडीवर बसून हातात पाण्याने भरलेला पेला धरला, तर थेंबही सांडत नाही, असं लोक सांगत. थेंब सांडायचा. पण तो कोणाला दिसायचा नाही, कारण सासूबाई पेला घेऊन निघाल्या की लोकांचं लक्ष पेल्यापेक्षा घोडीच्या पायांकडेच असायचं.

साधं घोडं दुडकीत धावलं की पाठीवरच्या माणसाचं पोतं होतं. सायच्या जातीची घोडी रवाल चालतात. चारही पाय सुटे, एकामागून एक पडतात. एखादा तरी पाय जमिनीवर असतोच, त्यामुळे हिसका म्हणून बसत नाही. त्या जातीतही साय वेगळी होती. तिचं पाऊल इतकं हलकं पडायचं की मागून आली तर कळायचं नाही. रंग पिवळट पांढरा, चाल मऊ, म्हणून नाव साय.

सासूबाई घोडी चालीवर आणायच्या. तोच त्यांचा धंदा. लोक आपापली घोडी घेऊन यायचे, सासूबाई सायवर बसून शेजारून चालायच्या आणि लगाम कुठे ओढायचा, कुठे सोडायचा ते सांगायच्या. काही वर्षांपूर्वी एका अडदांड घोड्याने त्यांना पाडलं, खुब्याचं हाड मोडलं, आत सळई बसली. डॉक्टरांनी घोड्यावर बसायची बंदी केली तेव्हा त्यांनी विचारलं, "खुर्चीवर बसू का?"

"खुर्चीवर बसा की."

"मग झालं. माझी खुर्ची चालते, एवढंच."

डॉक्टरांनी एकदा येऊन साय पाहिली आणि त्या एका घोडीपुरती परवानगी दिली. दुसरं कुठलंही घोडं त्या खुब्याला सोसणारं नव्हतं. उभं राहून शिकवायचं तर घटकाभरात पाय भरून यायचा. साय होती म्हणून सासूबाई होत्या. नाहीतर ओसरीवर बसून रस्त्यावरची माणसं मोजायची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि घरातल्या सगळ्यांनाही.

सासूबाईंचा जावई खूर तासायचा. लोक त्याला नालबंद म्हणत, पण नाल ठोकायचं काम फारसं नसायचं. इथली बहुतेक घोडी बिननालेची. माणसाच्या नखासारखा त्यांचा खूर वाढत राहतो, तो दर काही आठवड्यांनी कापून, कानशीने घासून आकाराला आणावा लागतो. हे काम तो सासऱ्यांकडे शिकला. शिकायला आला आणि जावई होऊन राहिला. "कानस मागायला आले आणि मुलगी घेऊन गेले," सासूबाई म्हणत. "बरं, नेऊन नेली कुठे, तर अंगणाच्या पलीकडे."

दोन घरांमध्ये ते अंगण, अंगणाच्या एका अंगाला तबेला. सासरे जाऊन दोनेक वर्षं झाली होती. जाताना त्यांनी एक फर्मा ठेवला होता: पत्र्याचा तिरका कापलेला तुकडा. खुराच्या पुढच्या बाजूला तो टेकवायचा. फट दिसली नाही तर तासणी बरोबर. जावयाने सायचे खूर तासले की सासूबाई काठी टेकत यायच्या, कष्टाने वाकून फर्मा लावायच्या आणि मान हलवायच्या. त्या मान हलवण्यासाठी जावयाने दोन वर्षं कानस चालवली होती.

फर्म्यात बसायचं तर खुराचं टोक लांब आणि टाच बुटकी ठेवावी लागे. टोक लांब असलं की पाऊल उचलायला घोडीला थोडा उशीर होतो आणि चालीला एक झोका येतो. हा झोका सासऱ्यांची ओळख होती. लांबून घोडं येताना पाहून लोक म्हणत, हे त्यांच्या हातचं.

उन्हाळ्याच्या अखेरीस जावयाला काही गोष्टी दिसायला लागल्या. त्या आधीही असणार, पण रोज बघणाऱ्याला वाढणारी केळ दिसत नाही. साय उभी असली की पुढचे दोन्ही पाय जरा पुढे टाकून उभी राहायची, जसं माणूस गरम फरशीवर टाचांवर रेलतो. वाटेवर खडी आली की हळूच कडेच्या गवतावर सरकायची. सासूबाई म्हणत, नखरेल आहे. पाऊल टाकताना टाच आधी टेकायला हवी. सायचं टोक आधी टेकत होतं. आणि मोकळी सोडली तर ती धावत नव्हती. बाकीची घोडी कुंपणाला फेऱ्या मारायची, ही दाराशी उभी.

एके दिवशी खूर साफ करताना त्याने तळव्यावर अंगठ्याने दाब दिला, तर घोडीने पाय ओढून घेतला. दुसऱ्या पायाला दाबलं. तोही ओढून घेतला.

"मग सांगा ना आईला," बायको म्हणाली. ती आईच्या शिकवण्यांच्या वेळा सांभाळायची आणि नवऱ्याचा चहा, त्यामुळे दोन्हीकडची बातमी तिच्याकडे ताजी असायची.

"मी सांगू? मागे नुसतं म्हटलं, टाचेकडे जरा मोकळं करू का, तर म्हणाल्या, माझे डोळे मिटले की करा."

"मग मिटेपर्यंत थांबा."

"घोडी थांबेल का? टोक लांब असलं की प्रत्येक पावलाला नख उचकटल्यासारखं होतं. तुझं नख उचकटलं तर तू काय करशील?"

"तुमच्या नावाने ओरडेन."

"ती ओरडत नाही. ती दुखणं अंगावर काढते."

बायकोने कप खाली ठेवला. "आणि टोक कापलं आणि चाल गेली तर? आई काय करेल, विचार केलाय?"

"चाल रक्तात असते, खुरात नसते. चालीला धक्का लागणार नाही."

"नक्की?"

"नक्की," जावई म्हणाला. हे तो जरा लवकरच बोलला.

सासूबाई आठवड्यातून एकदा खुब्याच्या व्यायामासाठी जायच्या. जाऊन येऊन अर्धा दिवस मोडायचा. जावयाने तोच दिवस धरला. त्या परत येईपर्यंत दोन्ही पुढचे पाय तासून होतील, घोडी दोन दिवसांत मोकळी चालेल, मग ओरडायचं कशाला, असा त्याचा हिशेब. सासूबाईंच्या बाबतीत असे हिशेब आजवर कोणाचे जमले नव्हते, पण माणूस आशेवर जगतो.

घोडीच्या तोंडाशी मोतद्दार उभा राहिला. घोड्यांची देखभाल करण्यात त्याचा जन्म गेला होता, सगळे त्याला काका म्हणत. "बाईंना विचारलंय का?" त्याने विचारलं.

"तुम्ही दोरी धरा, काका."

"म्हणजे नाही विचारलं. धरतो. मी काही पाहिलं नाही. माझं तोंड घोडीकडे आहे."

खूर तासणारा डाव्या पायापासून सुरुवात करतो. जावयाने डावा पाय गुडघ्यांमध्ये धरला, तळव्यातली घाण खरवडली आणि सुरीने मेलेलं शिंग, म्हणजे खुराचं कठीण कवच, सोलायला लागला. टाचेकडून आत वळणाऱ्या कडा वाढून तळव्यावर आडव्या पडल्या होत्या, जसा बुटात खडा असावा तशा. त्या कडा काढल्या तर खाली शिंगात तांबडा-काळा डाग. जुनं रक्त. तो दिसल्यावर त्याच्या मनात उरलीसुरली शंका होती तीही गेली. त्याने पकडीने पुढचं टोक कापलं, कानशीने कड गोल केली, टाच तळव्याच्या रुंद भागापर्यंत मागे आणली आणि पाय खाली ठेवला.

साय तशीच उभी राहिली. मग तिने भार हळूहळू डाव्या पायावर घेतला, नाकातून लांब श्वास सोडला आणि ओठ चाटले.

"आवडलं बाईसाहेबांना," काका म्हणाला.

जावई वळसा घालून उजवीकडे गेला, पाय उचलला, तोच फाटक वाजलं. सासूबाई परत आल्या होत्या. व्यायाम घेणाऱ्या बाईंचीच कंबर धरली होती, म्हणून सुट्टी.

त्यांना काही सांगावं लागलं नाही. जमिनीवर कापलेल्या टोकाचा जाड, करडा, चंद्राकार तुकडा पडला होता. त्यांनी काठीने तो उलटा केला. मग घरात गेल्या, फर्मा घेऊन आल्या आणि वाकून डाव्या खुराला लावला.

"ही फट आहे की खिडकी?"

"आई, आत बघा. रक्त साकळलंय. हा तुकडा बघा."

"मी काय विचारलं?"

"फट आहे."

"माझ्या पाठीमागे?"

"समोर करू दिलं असतं का?"

"नाही."

"म्हणून."

काका घोडीच्या कपाळावरचे केस नीट करत होता. ते आधीच नीट होते.

"उजव्याला हात लावायचा नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आई, असं अर्धवट नका ठेवू. एक पाय असा, एक तसा..."

"अर्धवट कोणी ठेवलं? मी ठेवलं? ह्यांच्या हातचे पाय होते दोन्ही. एक राहिलाय, तो राहू दे."

 जावयाने उजवा पाय खाली सोडला, हत्यारं पेटीत टाकली. तांबडा डाग असलेला तुकडा त्याने पेटीच्या झाकणावर ठेवला होता; सासूबाईंनी तिकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन शिकाऊ माणसं आपापली घोडी घेऊन आली. सासूबाई ओट्यावर चढून सायवर बसल्या, लगाम उचलला, जीभ टाळ्याला लावून आवाज केला. साय निघाली. चार पावलांत सगळ्यांना दिसलं. घोडी लंगडत होती. डोकं वर जात होतं, खाली येत होतं. चालीचा धागा तुटला होता, आणि प्रत्येक पावलाला सासूबाईंच्या खुब्यात हिसका बसत होता. त्या ओट्यापर्यंत कशाबशा परत आल्या. काकाने उतरवून घेतलं तेव्हा त्यांचा चेहरा भिंतीसारखा पांढरा झाला होता.

शिकाऊ माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, त्यांना दुसरं काम आठवलं, ती गेली.

जावई तबेल्याच्या दारात उभा होता. सासूबाई तिथूनच बोलल्या. "ह्यांनी आयुष्यभर खूर तासले, एक घोडं लंगडं केलं नाही. तुम्ही एका पायात करून दाखवलंत, जावईबापू."

"डाव्याने लंगडत नाही ती. उजव्याने लंगडतेय."

"उजव्याला तर तुम्ही हात लावला नाहीत."

"म्हणूनच."

"काय म्हणूनच?"

"दोन्ही पाय सारखे दुखत असले तर घोडं लंगडत नाही, आई. लंगडायचं कोणत्या पायावर? नुसतं जपून, आखूड चालतं. लंगडायला एक तरी बरा पाय लागतो. आता तिला डावा बरा झालाय, म्हणून उजवा कळतोय."

सासूबाईंनी ऐकून घेतलं. "म्हणजे काल ती नीट चालत होती तेव्हा आजारी होती, आणि आज लंगडतेय म्हणजे बरी झाली?"

"अर्धी."

काका हसला आणि लगेच खोकला.

"काका, घोडीला आत बांध," सासूबाई म्हणाल्या. "आणि जावईबापूंना सांग, वकिली करायची तर गावात जागा मिळेल. इथे तबेला आहे."

मग त्या ओसरीवर खुर्चीत बसल्या. दुपारचं जेवण मुलीने नेऊन दिलं ते झाकलेलंच राहिलं. मुलगी रिकाम्या हाताने परत आली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमचं खरंही असेल. पण तिला विचारून केलं असतं तर आज भांडण घोडीच्या पायाचं झालं असतं. आता ते बाबांचं झालंय."

"विचारून त्या हो म्हणाल्या असत्या?"

"नसती म्हणाली. तरी विचारायचं असतं. लग्नाच्या वेळी नाही का विचारलंत? तेव्हाही नाहीच म्हणाली होती."

 आपलं चुकलं कुठे, ते जावयाला दिसत होतं. तासणीत चूक नव्हती. चोरून केलेल्या बरोबर कामालाही चोरीचा वास येतो, एवढं त्याच्या लक्षात यायला हवं होतं.

ऊन कललं तेव्हा सासूबाईंनी काकाला हाक मारली. खोगीर ठेवायच्या खोलीसमोर सिमेंटची एक लांब पट्टी होती. तिच्या कडेला त्यांनी खुर्ची आणवली. "हिला यावरून चालव. इकडून तिकडे, तिकडून इकडे. आणि डावा पुढचा पडला की मोठ्याने डावा म्हण."

"डावा म्हणू?"

"डावा. कवायत केली नाहीस का कधी?"

"डोळे का मिटताय बाई, बरं वाटतंय ना?"

"तू चालव."

काकाने घोडी चालवली. जावई तबेल्यातून बघत होता. "डावा," काका म्हणत होता, "डावा... डावा..." प्रत्येक शब्दाला टाप वाजत होती, भरीव, पूर्ण, टाचेपासून टेकलेली. मधल्या जागेत उजव्याची टाप पडायची. ती कशीबशी ऐकू यायची. सायची ती प्रसिद्ध, जमिनीला न कळणारी टाप.

घोडी गेली, आली, पुन्हा गेली. सासूबाईंचे डोळे मिटलेलेच होते. काठीच्या मुठीवर त्यांचं एक बोट ताल धरत होतं, ते मध्येच थांबलं.

"पुरे," त्या म्हणाल्या. मग तबेल्याकडे न बघता, "जावईबापू, बाहेर या. मांजरासारखे दारामागून काय बघताय?"

तो आला. उभा राहिला.

"आधी दोन्ही असेच वाजायचे. आज उजवा वाजतोय तसे."

"हो."

"मी त्याचं कौतुक सांगत फिरले. वर्षावर्षाला चाल मऊ होतेय म्हणून. माणसं लांबून बघायला यायची."

"सगळेच सांगत होतो, आई. मीही सांगत होतो."

सासूबाई बराच वेळ घोडीच्या पायांकडे बघत राहिल्या. एक पाय आखूड, गोल. दुसरा लांब, होडीसारखा. "ह्यांना माहीत असेल का हो?"

जावयाला ह्या प्रश्नाचं सोपं उत्तर देता आलं असतं, हो किंवा नाही. दोन्हीतलं कुठलं खरं, ते त्याला ठाऊक नव्हतं. "सांगता येत नाही. मी त्यांच्या हाताखाली शिकलो, मलाही दिसलं नाही. ही घोडी शिंगरू होती तेव्हापासून तिचे पाय तसेच ठेवलेत. बिनदुखीची चालली तर कशी चालते, हे कोणी पाहिलंच नव्हतं. त्यांनीही नाही."

"ह्यांना दिसलं असतं तर कापलं असतं," सासूबाई म्हणाल्या. प्रश्न नव्हता, तरी त्या उत्तराची वाट बघत राहिल्या.

"कापलं असतं," जावई म्हणाला. आणि म्हणताना त्याला ते खरंच वाटलं, कारण म्हातारा घोड्यांवर रागावायचा, ओरडायचा, पण कोणतंही घोडं त्याच्या हाताला घाबरायचं नाही.

"मग पेटी आणा. ऊन आहे तोवर."

ह्या वेळी दोरी सासूबाईंनी स्वतः धरली. काकाने खुर्ची घोडीच्या तोंडाशी सरकवली आणि त्या बसूनच एका हाताने तिच्या नाकावर थोपटत राहिल्या. जावयाने उजवा पाय उचलला. आतल्या कडा इथेही तशाच पडल्या होत्या, डाग डाव्यापेक्षा मोठा. "बघायचंय?" त्याने विचारलं. सासूबाईंनी हात पुढे केला. तुकडा हातात घेतला, डागावरून अंगठा फिरवला आणि मग अंगठा पदराला पुसला.

खूर एका तासणीत सुधारत नाही. तो वरून खाली उतरत येतो, चांगलं शिंग जमिनीपर्यंत पोचायला बरेच महिने लागतात. पण दुखणं आधी उतरतं. काही दिवसांत साय खडीवरून सरळ चालायला लागली. मग एका सकाळी काकाने तिला मोकळी सोडली आणि ती धावली. कुंपणाला तीन फेऱ्या मारल्या, चौथ्या फेरीत शेजारच्या घोड्याला बघून वळली आणि कुंपणाची एक फळी मोडली.

"घ्या," काका म्हणाला, "ही नखरेल होती ती बरी होती."

सासूबाई फळी मोडलेली बघून हसल्या. त्या आठवड्यात त्या पहिल्यांदा नीट जेवल्या, असं मुलीने सांगितलं.

घोडामैदान जवळ आलं ते पुढच्या महिन्यात. सासूबाई ओट्यावर चढून बसल्या. जावई बाजूला उभा होता, त्याची बायकोही. साय निघाली. चाल रवालच होती. पाय सुटे, ताल चार ठोक्यांचा. इतपत जावयाचं बोलणं खरं ठरलं. पण पाऊल दीडपट लांब झालं होतं, खांदा मोकळा हलत होता, आणि पाठ, जी इतकी वर्षं फळीसारखी ताठ होती, ती आता पाण्यासारखी वरखाली होत होती. तरुण माणसाला त्या पाठीवर झोपाळ्यात बसल्यासारखं वाटलं असतं. सासूबाई फाटकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. उतरताना त्यांनी काकाचा खांदा असा धरला की दुसऱ्या दिवशी तिथे बोटं उमटली होती.

"छान चालते," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन पडल्या.

त्यानंतरचे दिवस त्या ओसरीवर होत्या. मुलीने शिकवण्या पुढे ढकलल्या. पुढे म्हणजे कधी, हे ती कोणाला सांगू शकत नव्हती. साय कुंपणात उंडारत होती, चरत होती, सावलीत दोन्ही पाय सरळ खाली ठेवून उभी राहत होती. जावई कामावर जाता-येता दोघींकडे बघायचा, आणि दोघींपैकी एकीकडे बघताना त्याची मान खाली जायची.

शेवटी त्याने एक तोडगा काढला. दोन दिवस तो मनात घोळवला, मग संध्याकाळी ओसरीवर जाऊन बसला.

"आई, एक बोलू का?"

"आता विचारून बोलता? सुधारलात."

"पुढच्या तासणीला टोक थोडं लांब ठेवतो. अगदी थोडं. आधीसारखं नाही. पाऊल जरा आखूड पडेल. तुम्हाला बसता येईल."

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे तिला थोडं दुखेल."

"फार नाही दुखणार."

"किती? तुमच्या अंगठ्याने दाबून बघणार?"

त्याने अंगठा मुठीत घेतला.

"माझ्या पाठीमागे जे केलंत, त्याचा मला राग आला होता," सासूबाई म्हणाल्या. "अजून आहे थोडा. पण काम बरोबर होतं. आता माझ्या समोर बसून चुकीचं काम करायला परवानगी मागताय. मी हो म्हणेन असं वाटलं तुम्हाला?"

"मला तुमचं इथे बसणं बघवत नाही."

सासूबाईंनी कुंपणाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मला तरी कुठे बघवतंय. उठा, चहा सांगा मुलीला. तुमच्या हातचा नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई पेटी गाडीत ठेवत होता तेव्हा त्याला सासूबाई ओट्यावर दिसल्या. काकाने साय आणून उभी केली होती, खोगिराखाली घोंगडीची एक घडी जास्त घातली होती.

"आई, डॉक्टरांना विचारलंत का?"

"तुमच्याकडून शिकले. आधी करायचं, मग सांगायचं."

त्या बसल्या. लगाम उचलला नाही, जिभेचा आवाज केला नाही. घोडीला नुसतं चालू दिलं, साध्या पावलाने, जशी ती कुरणातून घरी येताना चालते तशी. त्या संथ चालीत पाठ हलत होती, पण इतकी नाही. सासूबाईंनी डोळे बारीक केले, खुब्याचा अंदाज घेतला, आणि घोडी फाटकाकडे वळवली. जावई बाजूने चालायला लागला, एक हात पुढे धरून, पडल्या तर धरता येईल असा.

"हात खाली करा. भीक मागताय असं वाटतं."

त्याने हात खाली केला. फाटक आलं, त्या थांबल्या नाहीत. रस्त्यावर आल्या. पलीकडून एक शिकाऊ मनुष्य आपल्या घोड्यावर येत होता, त्याने लांबूनच लगाम ओढला. सायला त्याने कधी इतकं हळू जाताना पाहिलं नव्हतं.

"घोडं पुढे घे," सासूबाईंनी त्याला हाक मारली. "शेजारी ये. माझ्याइतकंच हळू चालव. हळू चालवता आलं की पुढचं शिकवते."

तो माणूस शेजारी आला. त्याचं घोडं अडखळलं, पुढे गेलं, मागे ओढलं गेलं. सासूबाई त्याला लगामाबद्दल सांगायला लागल्या. मागे काका चालत होता, त्याच्या मागे जावई, कामाला उशीर झालेला.

"बाई," काका मागून ओरडला, "ही काय वरात निघालीये का?"

"वरातच आहे," सासूबाई मागे न बघता म्हणाल्या. "नाचायचं असेल तर पुढे ये."